एका नावाच्या तीन चिठ्ठ्या

२०२३ च्या मार्चअखेरीस पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, न्यू जर्सीत नोकरी करतो. एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीत त्याचे नाव निघाले होते. आधीची दोन वर्षे ते निघाले नव्हते आणि शिक्षणानंतर मिळणारी कामाची मुदत संपत आली होती. त्यामुळे त्या घरात गेले सहा महिने कोणाचेच कशात लक्ष नव्हते. "दादा, सुटलो रे एकदाचे," एवढे म्हणून ती रडू लागली. चार दिवसांनी पेढ्यांचा पुडा कुरिअरने हैदराबादला आला.

त्याच आठवड्यात माझे एक जुने स्वीय सहायक घरी आले. मी निवृत्त झाल्यावरही वर्षातून दोन-तीनदा ते येतात. मी त्यांच्या नावापुढे 'गारू' लावून हाक मारतो, ते मला अजून 'सर'च म्हणतात. त्यांच्या मुलीने बँकेचे कर्ज काढून टेक्सासमध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली होती आणि एका बऱ्या कंपनीत ती कामाला होती. तिचे नाव तिसऱ्यांदाही निघाले नव्हते. ही तिची शेवटची संधी होती. मी त्यांच्यापुढे पेढे ठेवले. निमित्त काय, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी अगदी मनापासून आनंद व्यक्त केला.

सोडत म्हटली की एकाचे नाव निघते, दुसऱ्याचे राहते. त्यात लिहिण्यासारखे काही नाही. पण त्याआधी फेब्रुवारीत एक गोष्ट घडली होती.

फेब्रुवारीत याच गृहस्थांनी मला फोनवर एक सल्ला विचारला होता. मुलीची कंपनी तिच्या नावाची नोंदणी करणारच होती. पण एका कन्सल्टन्सीने तिला कळवले होते की, आम्हीही तुमच्या नावाची नोंदणी करतो, पैसे नकोत. आमच्या नोंदणीवर नाव निघाले तर सध्याची नोकरी सोडून आमच्याकडे यायचे, काम पुढे शोधू. तिच्या खोलीवरच्या दोन मुलींनी होकार दिला होता. तिने वडिलांना विचारले आणि वडिलांनी मला. "सर, तुम्हाला नियम कळतात," ते म्हणाले. मी एकच प्रश्न विचारला, "त्या कन्सल्टन्सीकडे तिच्यासाठी खरोखर काम आहे का?" नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. "मग सही करू नये," मी म्हणालो. या सल्ल्याला मला अर्धा मिनिटही लागले नाही. पस्तीस वर्षे फायलींवर शेरे लिहिल्यावर असा शेरा तोंडातून आपोआप बाहेर पडतो.

भाच्याशी माझे बोलणे झाले ते एप्रिलमध्ये. कोणत्या कंपनीच्या नोंदणीवर नाव निघाले, असे मी सहज विचारले. तो हसला. "तिसऱ्या. माझ्या कंपनीची चिठ्ठी नाही निघाली, मामा. दोन कन्सल्टन्सींनी टाकल्या होत्या, त्यातली एक निघाली."

ज्यांच्या घरातले कोणी अमेरिकेत नाही अशा वाचकांसाठी (असे मराठी वाचक आता किती उरले असतील?) थोडा खुलासा करतो. एच-वन-बी हा व्हिसा आजच्या स्वरूपात अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने आला. विशेष शिक्षण लागते अशा कामासाठी परदेशी माणूस आणण्याची ही मुभा असून तिची वार्षिक मर्यादा ६५,००० ठरली. संगणक क्षेत्राच्या भरभराटीच्या काळात ती काही वर्षे १,१५,००० आणि नंतर १,९५,००० पर्यंत वाढवली गेली व २००४ च्या आर्थिक वर्षापासून पुन्हा ६५,००० वर आली. २००४ च्या कायद्याने अमेरिकेतच पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांसाठी २०,००० ची भर पडली. मागणी त्याहून कितीतरी अधिक असल्यामुळे वर्षानुवर्षे सोडत काढावी लागते. मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात.

आता प्रशासनाच्या दृष्टीने यातला सर्वांत बोधप्रद भाग. २०१९ पर्यंत कंपनीला सोडतीपूर्वीच संपूर्ण अर्ज तयार करावा लागे. वकिलाची फी, सरकारी शुल्क, शेकडो पानांचे कागद हे सगळे आधी, आणि नाव निघाले नाही तर तो गठ्ठा परत. कंपन्यांचा आणि कार्यालयाचाही हा अपव्ययच होता. मार्च २०२० पासून सुधारणा झाली. आधी संगणकावर नुसती नोंदणी करायची, शुल्क १० डॉलर, आणि नाव निघाले तरच पूर्ण अर्ज द्यायचा. कोणत्याही सुज्ञ अधिकाऱ्याने या प्रस्तावावर आनंदाने सही केली असती. मीही केली असती. परंतु आधीच्या पद्धतीतला तो जाचक खर्च नकळत राखणदाराचे काम करीत होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. खोट्या किंवा अर्धवट खऱ्या नोकरीसाठी हजारो डॉलर सहजासहजी कोणी खर्च करीत नव्हते. १० डॉलर मात्र कोणीही करतो.

एकाच कंपनीने एकाच माणसाची दोनदा नोंदणी करण्यास मनाई होती. वेगवेगळ्या कंपन्यांनी करण्यास नव्हती. एखाद्या हुशार माणसाला दोन कंपन्या खरोखर नोकरी देऊ शकतात, तेव्हा मनाई करणार तरी कशी? परिणाम आकड्यांतच पाहावा. २०२० च्या पहिल्या फेरीत २,७४,२३७ नोंदण्या आल्या. मार्च २०२३ मध्ये ७,८०,८८४. त्यांतल्या पात्र ठरलेल्या ७,५८,९९४ पैकी ४,०८,८९१ नोंदण्या अशा माणसांच्या होत्या, ज्यांच्या नावाच्या एकाहून अधिक चिठ्ठ्या पेटीत पडल्या होत्या. म्हणजे अर्ध्याहून अधिक पेटी त्यांनीच भरली होती. गारूंच्या मुलीची त्या पेटीत एकच चिठ्ठी होती.

अशी चूक मीही केलेली आहे, म्हणून परक्या सरकारला नावे ठेवताना जीभ जरा आवरतो. एका जिल्ह्यात घरांच्या भूखंडांची सोडत होती. गरिबांना अनामत रक्कम परवडत नाही अशी तक्रार आली म्हणून ती मी नाममात्र केली. माझे कौतुक झाले. अर्ज मोजायला बसलो तेव्हा एकेका घरातून सहा-सहा अर्ज आलेले होते, आणि अनामत भरण्याचीही ऐपत नसलेल्या ज्या मजुरांसाठी हे केले, त्यांची संधी आधीपेक्षा कमी झाली होती.

भाच्याशी त्या दिवशी माझा तासभर वाद झाला. तो हुशार आहे आणि त्याचे मुद्दे टाकाऊ नव्हते. "मामा, एकाहून जास्त कंपन्यांनी नोंदणी करू नये असा नियम दाखव," हा पहिला. तो नियम मी दाखवू शकत नव्हतो. मात्र संधी वाढवण्यासाठी दुसऱ्या कोणाशी संगनमत केलेले नाही, असे हमीपत्र नोंदणी करताना कंपनीला द्यावे लागे, हे मी दाखवले. "ते कंपनीने दिलं, मी नाही. आणि त्या दोघांचं संगनमत होतं की नाही ते मला काय माहीत?" हे उत्तर ऐकून मला माझ्या कारकिर्दीतले कितीतरी चेहरे आठवले. कागदावर सही दुसऱ्याची, लाभ आपला आणि मधल्या गोष्टीविषयी अज्ञान. पण कायद्याच्या काटेकोर भाषेत तो खोटे बोलत नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

त्याचा दुसरा मुद्दा असा की, ही व्यवस्था मुळातच न्यायाची नाही, तेव्हा तिच्यातल्या फटीतून जाण्यात अन्याय कसला? गुणवत्ता पाहिली जात नाही, पगार पाहिला जात नाही, चिठ्ठी निघते. पुढे ग्रीन कार्डाची रांग. नोकरीवर आधारित सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे वर्षाला मिळतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असा नियम आहे. आइसलँडला सात टक्के आणि भारतालाही सात टक्के. रांगेत उभी असलेली माणसे निवृत्त होतील तरी त्यांचा क्रमांक येणार नाही. हे सर्व खरे आहे.

तिसरा मुद्दा मोठ्यांच्या पळवाटांचा. यावर तो चिडून बोलला आणि येथे मला त्याची बाजू सर्वांत बळकट वाटते. १९९८ च्या कायद्याने असे ठरवले की ज्या कंपन्यांचा डोलारा प्रामुख्याने एच-वन-बीवर उभा आहे, त्यांनी अमेरिकन माणसाला काढून परदेशी माणूस ठेवणार नाही अशी हमी द्यावी. पण त्या परदेशी माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर पगार असेल किंवा त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी असेल तर ही हमी माफ. १९९८ साली ६०,००० ही बरी रक्कम होती. पुढे महागाई वाढत गेली, पण आकडा तिथेच राहिला. २०१४-१५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील एका वीज कंपनीत आणि फ्लोरिडातील डिस्नेमध्ये अमेरिकन संगणक कर्मचाऱ्यांना, नोकरी सोडण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्या माणसांना काम शिकवून जा, असे सांगण्यात आले, तेव्हा त्या देशात मोठा गहजब झाला. त्याआधी २०१३ मध्ये इन्फोसिसने, केवळ बैठकांसाठी असणाऱ्या बी-वन व्हिसावर माणसे कामाला पाठवल्याच्या आरोपाचे प्रकरण ३ कोटी ४० लाख डॉलर भरून मिटवले. आरोप कंपनीने नाकारले, पैसे मात्र दिले. "एवढे मोठे लोक हे करतात, त्यांना कोणी विचारत नाही. आणि मी एक जास्तीची चिठ्ठी टाकली तर तू मला नीती शिकवतोस," भाचा म्हणाला.

मी गप्प बसलो. मला त्याचे उत्तर सापडायला बराच काळ लागला, आणि ते सापडले ते जुन्या जमिनीच्या फायलींच्या आठवणीत.

मी नोकरीत आलो तेव्हा आंध्र प्रदेशच्या १९७३ च्या कमाल जमीनधारणा कायद्याची प्रकरणे अजून चालू होती. जमिनीच्या प्रतीनुसार एका कुटुंबाला बागायत १० ते २७ एकर आणि कोरडवाहू ३५ ते ५४ एकर ठेवता येई; त्यावरची अतिरिक्त ठरून भूमिहीनांना वाटायची. जानेवारी १९७१ नंतर झालेले व्यवहार संशयास्पद मानले जात. मग काय, १९७१ पूर्वीच्या तारखेचे साठेकरार आणि वाटपपत्रे फायलीत येऊ लागली. जुन्या तारखेचे कोरे मुद्रांक कोठे मिळतात हे तालुक्याच्या गावी सर्वांना ठाऊक असे. कागद पिवळा, शाई ताजी. मी एका जमीनदाराला समोर बसवून विचारले होते की, आपल्याला हे बरे वाटते का? तो अत्यंत सभ्य, शिकलेला माणूस होता. त्याने मला शांतपणे समजावले की, हा कायदाच अन्याय्य आहे, शहरातल्या घरांना आणि कारखान्यांना अशी मर्यादा नाही, मोठमोठे पुढारी हेच करीत आहेत, आणि मी कोणाची चोरी करीत नाही, माझीच जमीन राखतो आहे. त्याचे प्रत्येक वाक्य जवळजवळ खरे होते. त्या कचेरीच्या व्हरांड्यात त्या वेळी भूमिहीनांच्या यादीतले काही लोक बसलेले होते. जमीनदार जाताना त्यांच्याजवळून गेला. त्यांनी उठून त्याला नमस्कार केला. कोणाची जमीन कागदाच्या कोणत्या घडीत नाहीशी झाली, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.

आता गंमत अशी की, हाच जुन्या तारखेचा व्यापार पुढे अमेरिकेतही झाला आणि तो करणाऱ्यांत आपली माणसे पुष्कळ होती. ग्रीन कार्डासाठी आधी कामगार खात्याचा दाखला लागतो, ज्याला तिकडे सगळे नुसते 'लेबर' म्हणतात. त्या अर्जाची तारीख हीच रांगेतली तारीख. ज्याच्यासाठी दाखला काढला तो नोकरी सोडून गेला, तर कंपनीला त्याच दाखल्यावर दुसऱ्याचे नाव घालता येई, आणि त्या दुसऱ्याला जुनी तारीख आयती मिळे. मूळ हेतू बरा होता: कंपनीचे कष्ट वाया जाऊ नयेत. पण २००५ पूर्वीचे दाखले वर्षानुवर्षे तुंबलेले होते. ते सुटून हाती आले तेव्हा मूळ माणूस केव्हाच निघून गेलेला, आणि दाखल्यावर तारीख २००१ किंवा २००२ ची. त्या तारखांचा बाजार भरला. २००६ मध्ये आलेला माणूस पैसे मोजून २००२ पासून उभ्या असलेल्या माणसाच्या पुढे जाऊ लागला. कामगार खात्याने १६ जुलै २००७ पासून हे नाव बदलणे बंद केले आणि दाखल्यांच्या खरेदी-विक्रीवरही बंदी घातली.

योगायोग पाहा. त्याच महिन्यासाठी अमेरिकी सरकारने प्रथम जाहीर केले की जवळजवळ सर्व वर्गांतील लोकांना, तारीख कोणतीही असो, अर्ज करता येईल. आणि २ जुलैला, लोक कागद घेऊन तयार असताना, ते मागे घेतले. मग आपल्या मुलांनी काय केले? आदल्या वर्षीचा 'लगे रहो मुन्नाभाई' सर्वांनी पाहिलेला होता. त्यांनी नागरिकत्व व स्थलांतर सेवेच्या संचालकांना शेकड्यांनी फुलांचे गुच्छ पाठवले. संचालकांनी ती फुले लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवला आणि महिनाभर अर्ज स्वीकारले. तीही एक फटच होती, असे कोणी म्हणेल. सरकारच्या गोंधळातून उघडलेली. पण ती रांगेतल्या सर्वांसाठी सारखी उघडली होती आणि तिच्यातून आत गेल्याने कोणाची तारीख मागे सरकली नाही. मागची मुले पुढच्यांना ढकलत नव्हती, सगळी मिळून दारावर थाप मारीत होती. एकाच आठवड्यात, एकाच समाजातल्या, कदाचित एकाच इमारतीत राहणाऱ्या लोकांनी केलेल्या या दोन गोष्टी मला अगदी वेगळ्या वाटतात.

भाच्याला मी पुढे लिहिलेल्या लांबलचक ई-मेलमध्ये हेच सांगण्याचा प्रयत्न केला. व्यवस्था अन्याय्य आहे हे मान्य. मोठे लोक मोठ्या पळवाटा वापरतात हेही मान्य. पण त्या जमीनदाराप्रमाणे तूही सरकारकडे तोंड करून बोलतो आहेस. जरा मागे वळून पाहा. व्हिसे ८५,००० च आहेत. तुझ्या दोन जास्तीच्या चिठ्ठ्यांनी त्यांत भर पडली नाही आणि अमेरिकी सरकारचे काही बिघडले नाही. सात टक्क्यांचा नियम करणाऱ्यालाही त्याची झळ पोचली नाही. ती पोचली एकच चिठ्ठी असलेल्या कोणाला तरी, आणि दहातल्या सात वेळा तो भारतीयच असणार. ग्रीन कार्डाच्या रांगेत तर हे आणखी उघड आहे. तेथे देशवार वाटा असल्यामुळे, वर्षभर हैदराबाद-पुण्याच्या कचेरीत नावापुरते 'मॅनेजर' होऊन पहिल्या वर्गातून परत जाणारा भारतीय दुसऱ्या भारतीयालाच मागे सारतो. जर्मन माणसाला त्याचे काही नाही.

त्या देशातल्या नोकरी गेलेल्या माणसाचे काय, असे वाचक विचारतील. मी हैदराबादेत राहतो. या शहराला तो प्रश्न नवा नाही. निजामाच्या काळापासून येथे मुल्की नियम होते: पंधरा वर्षे वास्तव्य असेल तरच सरकारी नोकरी. खोट्या मुल्की दाखल्यांवर बाहेरचे लोक नोकऱ्या बळकावतात, या तक्रारीवरून १९५२ मध्ये आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. १९६९ मध्ये पुन्हा तेच. २०१४ मध्ये वेगळे राज्य झाले त्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हेही होते. मी स्वतः येथे बाहेरचा. अखिल भारतीय सेवेतून आलो म्हणून मला दाखला लागला नाही, एवढेच. परंतु दाखला खोटा ठरला की त्याची शिक्षा दाखला घेणाऱ्यापेक्षा नंतर येणाऱ्या सगळ्या प्रामाणिक बाहेरच्यांना होते, हे मी या शहरात चाळीस वर्षे पाहिले आहे.

अमेरिकेतही तसेच झाले. सुरुवात चांगली होती. २०२४ च्या सोडतीपासून नियम बदलला: चिठ्ठी नोंदणीची न धरता माणसाची धरायची, ओळख पासपोर्ट क्रमांकावरून. कितीही कंपन्यांनी नोंदणी करो, नाव एकदाच. त्या वर्षी नोंदण्या ७,८०,८८४ वरून ४,७९,९५३ वर आल्या. पण प्रत्यक्ष माणसे किती होती? आदल्या वर्षी सुमारे ४,४६,००० आणि या वर्षी सुमारे ४,४२,०००. माणसे जवळपास तेवढीच होती. नाहीशा झाल्या त्या फक्त जादा चिठ्ठ्या. इतका साधा, बिनखर्चाचा उपाय आणि तो यायला चार सोडती जाव्या लागल्या. नंतर नोंदणीचे शुल्क २१५ डॉलर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची रक्कम लादली गेली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने सोडतीला पगाराचे वजन दिले: सर्वांत वरच्या वेतनश्रेणीतल्या माणसाचे नाव पेटीत चार वेळा, सर्वांत खालच्याचे एकदा. ज्या जादा चिठ्ठ्यांबद्दल तीन वर्षांपूर्वी ओरड झाली, त्या आता नियमाप्रमाणे पडणार. पगाराला महत्त्व देण्यात चूक आहे असे मी म्हणत नाही. पण कागदावर पदाची श्रेणी वाढवून दाखवण्याचे नवे कौशल्य आता विकसित होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. नुकतीच पदवी घेतलेली, कर्ज डोक्यावर असलेली मुलगी मात्र खालच्या श्रेणीतच असणार.

माझ्या ई-मेलला भाच्याने दोन ओळींचे उत्तर दिले. "मामा, तुझं म्हणणं कळलं. पण माझ्या मागे कोण उभं होतं ते मला दिसत नव्हतं." यात कांगावा नव्हता. ते खरेच होते. मला मात्र दिसत होते. तिचे वडील माझ्या घरी पेढा खाऊन गेले होते.

२०२४ मध्ये भाचा व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात आला तेव्हा दोन दिवस माझ्याकडे राहिला. येथून जवळच चिलकूरला बालाजीचे देऊळ आहे, ज्याला सगळे 'व्हिसा बालाजी' म्हणतात. मागणे मागताना अकरा प्रदक्षिणा, इच्छा पुरी झाल्यावर एकशे आठ. बहिणीने नवस केलेला, म्हणून मी त्याला घेऊन गेलो. मुले-मुली हातातल्या कार्डावर फेऱ्यांच्या खुणा करीत भराभर चालत होती. त्या देवळात हुंडी नाही. एकशे आठ फेऱ्या त्याने प्रामाणिकपणे पूर्ण केल्या. मी पारावर बसून होतो. मी त्याला काही बोललो नाही आणि त्यानेही विषय काढला नाही.

गारूंची मुलगी २०२३ च्या उन्हाळ्यानंतर परत आली. गच्चीबावलीतल्या एका अमेरिकन कंपनीच्या कचेरीत काम करते. पगार तिकडच्या मानाने पुष्कळ कमी, कर्ज डॉलरच्या पगारावर विसंबून काढलेले. हप्ते अजून चालू आहेत. यंदाच्या संक्रांतीला गारू आले तेव्हा मी त्यांना भाच्याच्या तीन चिठ्ठ्यांची सगळी हकिकत सांगितली. तीन वर्षे सांगितली नव्हती. ते बराच वेळ कपातल्या कॉफीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही नको म्हणाला नसता तरी तिने सही केली नसती, असं मला वाटतं." थोडे थांबून त्यांनी पुन्हा कप उचलला. "पण मी तिला कधी विचारलं नाही."